जन्मताना तुमचं वजन कमी होतं? नाव नोंदवतानाच सांगा

दवाखान्यात गरोदरपणाचं नाव नोंदवताना मधुमेह, रक्तदाब, आधीची बाळंतपणं सगळं विचारतात. स्वतःचं जन्मवजन सहसा कुणी विचारत नाही. ते अडीच किलोच्या आत असेल, तर गरोदरपणात रक्तदाब किंवा साखर वाढण्याची आणि बाळही बारीक होण्याची शक्यता जास्त असते.

१. आकडा शोधा. प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं जुनं कार्ड बघा. नसेल तर आईला विचारा: दिवस भरले होते का, पेटीत ठेवलं होतं का? दिवस भरूनही बारीक आणि दिवस भरण्याआधीच जन्म, याचे अर्थ वेगळे.

२. दिवस राहण्याआधी निदान तीन महिने खाणं सुधारा. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ देऊन अभ्यास झाला. तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. फार हडकुळ्या बायकांच्या बाळांत मात्र फरक दिसला नाही, म्हणून आधी स्वतःचं वजन सावरा. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, तेही आधीपासूनच.

३. साखरेची तपासणी दोनदा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा वर असेल तर गरोदरपणातला मधुमेह. उपाशी जायची गरज नाही. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिली नॉर्मल आली म्हणून २४ ते २८ आठवड्यांतली दुसरी टाळतात, आणि नेमका तिथेच मधुमेह निसटतो.

४. रक्तदाब प्रत्येक भेटीत. स्टेशनचा जिना चढून आल्या आल्या हात पुढे करू नका, पाच मिनिटं बसा. १४०/९० किंवा वर, सोबत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा पोटात वरच्या बाजूला दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल. रक्तदाबाचा त्रास टाळायला ॲस्पिरिन लागेल का, हे सोळाव्या आठवड्याआधी डॉक्टरांना विचारा. मनाने सुरू करू नका.

५. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच.

बाळ बारीक झालंच, तर छातीशी उघड्या अंगाने धरणं आणि सहा महिने फक्त आईचं दूध. ‘गुटगुटीत’ करायच्या घाईत वरचं दूध, साखर, घुटी सुरू होते. झपाट्याने चढलेली चरबी पुढे मधुमेहाकडे नेऊ शकते. वजन दर वेळी एकाच काट्यावर, कपडे काढून करा आणि कार्डावरच्या आलेखात रेष चढतेय का ते पाहा.