तीन हजारांचा सर्व्हे

मला आयुष्यातली पहिली लाच मिळाली ती 'पेड सर्व्हे' या नावाने.

तेव्हा मी पणजीच्या पाटो भागात एका कंपनीच्या कस्टमर सपोर्टमध्ये होतो. ग्राहक सगळे परदेशातले, पगार हातात 19,000, आणि डिचोलीहून रोजची ये-जा. लिंक्डइनवर मेसेज आला: आम्ही सपोर्ट क्षेत्राचा अभ्यास करतोय, पंधरा मिनिटं बोललात तर 3,000 रुपये देऊ. प्रश्न बिनविषारी होते. तिकिटांसाठी, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या नोंदींसाठी, कुठलं सॉफ्टवेअर वापरता? रात्रीच्या शिफ्टला किती जण असतात? ग्राहकाचा फोन नंबर पूर्ण दिसतो की शेवटचे चारच आकडे? फोन ठेवून चहा घ्यायला खाली उतरलो तोवर पैसे खात्यात. चतुर्थी तोंडावर होती. त्या वर्षी माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या आराशीचं, बरंचसं सामान त्याच पैशांतून आलं.

तीन आठवड्यांनी दुसरा फोन. आता तिकिटाच्या स्क्रीनचा एक फोटो हवा होता. 'ग्राहकाचं नाव झाकलंत तरी चालेल.' दर 15,000.

मी नाही म्हटलं. पण टीम लीडला सांगायला मला चार दिवस लागले, कारण दुसरा फोन सांगायचा तर पहिलाही सांगावा लागणार होता, आणि ते 3,000 तर मी खाऊन बसलो होतो. पाचव्या दिवशी तिच्या टेबलाजवळ जाऊन नुसताच उभा राहिलो. ती म्हणाली, 'पयलीं बस. उदक पी.' मग सगळे मेसेज मागून घेतले आणि सिक्युरिटी टीमच्या माणसाला बोलावलं. नोकरी गेली नाही. लेखी समज मिळाली. दीड वर्षाने त्याच टीममध्ये जागा निघाली तेव्हा त्या माणसाने माझं नाव सुचवलं.

आज इनसायडर रिस्कच्या, म्हणजे कंपनीच्या आतल्याच माणसांकडून होणारा धोका ओळखायच्या, कामात मला आठ वर्षं झाली. फर्मागुडीला इंजिनीअरिंग करणारी, म्हापशात बीसीए झालेली पोरं मला विचारतात, 'दादा, यात हॅकिंग किती यावं लागतं?' जवळजवळ नाहीच. माझे ते चार दिवस म्हणजेच हे काम. पहिल्या मागणीनंतर माणूस कबुलीकडे वळतो की दुसऱ्या फोटोकडे, आणि तेवढ्यात आपल्या लॉगमध्ये, म्हणजे संगणकाने ठेवलेल्या नोंदींमध्ये, काय उमटतं, एवढंच बघायचं असतं.

बाहेरची प्रकरणं वाचाल तेव्हा आधी रकमा बघा. 2025 मध्ये ब्राझीलमध्ये बँकांना पेमेंट यंत्रणेशी जोडून देणाऱ्या एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने आपलं लॉगिन विकलं. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे त्याला मिळाले एकूण 15,000 रेआल. चोरी झाली 50 कोटी रेआलहून जास्त. त्याच वर्षी मे महिन्यात कॉइनबेस या क्रिप्टो चलनाचे व्यवहार करणाऱ्या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की अमेरिकेबाहेरच्या काही सपोर्ट एजंटांना पैसे चारून 69,461 ग्राहकांची माहिती काढण्यात आली. यात पासवर्ड नव्हतेच. नाव, पत्ता, फोन, ओळखपत्राची छायाचित्रं, खात्यातली शिल्लक, असलीच माहिती. पण 'मी कॉइनबेसमधून बोलतोय' असं सांगून ग्राहकाला फसवायला तेवढं पुरतं. चोरांनी गप्प बसायचे 2 कोटी डॉलर मागितले. कंपनीने ते दिले नाहीत, उलट तेवढ्याच रकमेचं बक्षीस चोरांची माहिती देणाऱ्यासाठी जाहीर केलं.

मला सर्वांत शिकवून गेलं ते 2020 चं टेस्लाचं प्रकरण. नेवाडातल्या कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला रशियातून आलेला एक माणूस भेटला. आधी कामाचं काही बोलणंच नाही. चार-पाच जण मिळून लेक टाहोला सहलीला गेले, खर्च याने केला, आणि फोटो काढायची वेळ आली की हा बाजूला व्हायचा. मग हळूच विषय निघाला: कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक मालवेअर सोडायचं, बदल्यात 10 लाख डॉलर. कर्मचाऱ्याने कंपनीला सांगितलं, कंपनीने एफबीआयला, आणि तो माणूस देश सोडायच्या बेतात असताना पकडला गेला. गोव्यात हे वाचताना मला हसू आलं होतं. आमच्याकडे तर अख्खं जगच सहलीला येतं. मोरजीच्या शॅकवर शेजारच्या टेबलावरचा माणूस 'तुम्ही काय करता?' विचारतो आणि बिलही देऊन टाकतो, यात कुणाला काय वावगं वाटणार? दहात साडेनऊ वेळा त्यात वावगं काही नसतंच.

आपल्या जवळचंही एक आहे. 2005 साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरच्या लोकांनी सिटीबँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. आज कॉल सेंटरच्या दारात मोबाइल लॉकरमध्ये ठेवायला लावतात, टेबलावर कागद-पेन दिसलं तर ओरडतात. नवी मुलं या नियमांवर चिडतात. मीही चिडायचो.

आता रोजचं काम. आमच्या सॉकमध्ये, म्हणजे सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या कक्षात, मोठाले डॅशबोर्ड आहेत. पाहुणे आले की ते दाखवतात. पण मी आजवर पकडलेली तीन खरी प्रकरणं एका साध्या जोडणीतून निघाली: एजंटने उघडलेली ग्राहकांची खाती एका बाजूला, त्याला आलेली तिकिटं दुसऱ्या बाजूला. तिकीट नसताना खातं का उघडलं? चुकून उघडतं, दिवसातून एक-दोनदा. मागचं प्रकरण पुन्हा बघायला उघडतं. पण एका मुलाची तिकिटाविना उघडलेली खाती दिवसाला चाळीसच्या घरात होती, सगळी जेवणाच्या सुट्टीच्या आधीच्या वीस मिनिटांत, आणि प्रत्येकावर तो नऊ-दहा सेकंद थांबायचा. खातं वाचायला नऊ सेकंद पुरत नाहीत. फोटो काढायला पुरतात. फाइल डाउनलोड नाही, यूएसबी नाही, ईमेल नाही, म्हणून डीएलपी, म्हणजे माहिती बाहेर जाताना अडवणारं सॉफ्टवेअर, गप्प बसलं होतं. लॉकरमध्ये तो जुना मोबाइल ठेवायचा, नवा मोज्यात.

हे मी शोधलं ते एक्सेलच्या साध्या पिव्होट टेबलवर, म्हणून नव्यांना माझा पहिला सल्ला सर्टिफिकेटचा नसतो. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत दोन टेबलं जोडता यायला हवीत, एक्सेल हातात बसलेलं हवं, विंडोजच्या लॉगमध्ये 4624 म्हणजे यशस्वी लॉगिन आणि 4625 म्हणजे फसलेलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. सरावाला खरा डेटा कोणी देणार नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट विभागाने याच विषयासाठी बनवलेला कृत्रिम डेटासेट फुकट मिळतो: खोट्या कंपनीतली खोटी माणसं, त्यांचे लॉगिन, ईमेल, यूएसबी, आणि त्यांत लपवलेले काही चोर. दोन महिने त्यावर घालवा. मग सर्टिफिकेट हवं तर करा, एचआरच्या चाळणीतून नाव पुढे सरकायला ते उपयोगी पडतं.

कायदा थोडा तरी माहीत हवा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा मुख्यतः सरकारी नोकरांसाठी आहे. खासगी कंपनीत डेटा विकणाऱ्यावर बहुतेक वेळा आयटी कायदा लागतो; त्यातल्या कलम 72ए मध्ये, करारामुळे हाती आलेली वैयक्तिक माहिती नुकसान करण्याच्या किंवा गैरफायद्याच्या हेतूने बाहेर दिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आहे. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे डेटा फुटल्यासारख्या घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायच्या, लॉग 180 दिवस जपायचे. हे 6 तास प्रत्यक्षात कसे उडून जातात ते एकदा अनुभवाल.

माझी सगळ्यात मोठी चूकही सांगून टाकतो. टीममध्ये नवा होतो. एका मुलीच्या नावावर रोज अलर्ट यायचा: शिफ्टच्या सव्वा तास आधी लॉगिन. मी दहा दिवस तिच्यावर डोळा ठेवला, अकरा पानांचा अहवाल केला, 'संशयास्पद वर्तन' असा मथळा दिला आणि सरांकडे नेला. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि विचारलं, 'ही राहते कुठे?' मला माहीत नव्हतं. ती सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून यायची. तिच्या गावाहून वेळेवर पोचवणारी एकच बस होती, आणि ती सव्वा तास आधी पोचवायची. बसून काय करणार, लॉगिन करून आदल्या दिवशीचे मेल वाचायची. सरांनी अहवाल फाडला नाही, मला परत दिला. अजून खणात आहे. त्या दहा दिवसांत कँटीनमध्ये मी तिच्याकडे कसा बघत असेन याची आजही लाज वाटते, कारण या कामात आपल्याला सहकाऱ्याचं इतकं काही दिसतं की माणूस सहज उर्मट होतो. कुणाचा पगार किती, कोण नोकरी शोधतंय, कोण कर्जाच्या साइट बघतंय. हे घरी जाऊन बोलायचं नाही, बायकोशीही नाही. ज्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही त्यांनी सॉकमधलं दुसरं काम बघावं; फिशिंगला, म्हणजे फसव्या मेलच्या कामाला, माणसं कमीच आहेत.

तुम्हालाही कुणीतरी विचारेल, हे धरून चाला. 2022 मध्ये लॅप्सस या हॅकरांच्या टोळीने टेलिग्रामवर उघड जाहिरातच टाकली होती: अमुक कंपन्यांत काम करता? आम्हाला ऍक्सेस द्या, पैसे घ्या. आणि विचारतील तेव्हा ऍक्सेस मागणार नाहीत, सर्व्हे मागतील. नव्या बॅचच्या प्रशिक्षणात मी माझी 3,000 ची गोष्ट माटोळीसकट सांगतो. एचआरला ते आवडत नाही. पण प्रत्येक बॅचनंतर आठवड्याभरात एक तरी जण दारात येऊन नुसताच उभा राहतो, आणि मी पाण्याची बाटली पुढे करतो.

गेल्या महिन्यात ज्युनिअर ॲनालिस्टसाठी मुलाखती घेतल्या. सगळ्यांना एकच प्रश्न: एक एजंट रोज शिफ्टच्या तासभर आधी लॉगिन करतो, काय कराल? बहुतेकांनी ऍक्सेस बंद केला, दोघांनी थेट पोलिसांना बोलावलं. वाळपईची एक मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'सर, तो येतो कशाने?'

ती सोमवारी रुजू होतेय.