दुबईला बिऱ्हाड हलवण्यापूर्वी ऑगस्टमध्ये एकदा राहून या

पुण्याहून नोकरीनिमित्त दुबईला जाणारी बहुतेक कुटुंबे ते शहर प्रथम डिसेंबर-जानेवारीत पाहतात आणि तिथेच फसतात. जानेवारीत तिथले कमाल तापमान २४-२५ अंशांच्या आसपास असते, संध्याकाळी खाडीकाठी गारवा जाणवतो आणि आपण पुण्यातल्याच थंडीत फिरत आहोत असे वाटू लागते. आम्हीही अशाच एका जानेवारीत घर पक्के करण्याच्या बेतात होतो; परंतु सासूबाईंनी "तिथला उन्हाळा बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही" असे निक्षून सांगितल्यामुळे थांबलो. पुढे ऑगस्टमध्ये दहा दिवस राहून आल्यावर आमचे बरेच बेत बदलले. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

प्रथम, पुण्याचा उन्हाळा सोसण्याची सवय आहे या भरवशावर राहू नये. शिवाजीनगरच्या वेधशाळेने ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश तापमान नोंदवले होते, म्हणजे आकडा आपल्यालाही अपरिचित नाही. फरक हवेतल्या ओलाव्याचा आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये माठातले पाणी गार होते, कारण माठाबाहेर पाझरलेले पाणी कोरड्या हवेत झपाट्याने उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. घामही हेच काम करतो. दुबई वाळवंटात असली तरी समुद्रालगत आहे आणि ऑगस्टमध्ये आखातातले पाणीच ३२ अंशांच्या वर तापलेले असते. त्यामुळे दमट दिवशी घाम अंगावरच राहतो, शरीराचा माठ निवत नाही, आणि रात्री दहा वाजता इमारतीबाहेर पाऊल टाकताच चष्म्याच्या काचांवर बाहेरून धुके धरते. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचे तापमान सरासरी ४१-४२ अंश असते, पण खरा त्रास रात्री ते ३० अंशांच्या खाली फारसे उतरत नाही याचा होतो.

दौऱ्यासाठी ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडावा, असे माझे मत आहे. जून-जुलैत वायव्येकडून येणारा शमाल वारा धूळ आणतो खरा, परंतु तेव्हा शाळांना सुटी लागते, अनेक कुटुंबे मायदेशी जातात आणि मोकळ्या रस्त्यांमुळे प्रवासाचा अंदाज चुकतो. ऑगस्टअखेरीस शाळा उघडतात, वाहनांची गर्दी परत येते आणि दमटपणा कायम असतो. अडचण आहे ती गणपतीची : २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला होती, तर २०२६ साली ती १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा पंचांग पाहूनच तिकिटे काढावीत.

नोकरी ज्याला मिळाली आहे, त्याने एकट्याने जाऊन येणे जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याचा दिवस गार घर, गार गाडी आणि गार कचेरी यांतच जाणार असतो. जी व्यक्ती दिवसभर घरी राहणार आहे, भाजी आणणार आहे, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणार आहे, तिने जायला हवे. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्या ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

मुक्काम समुद्रकाठच्या हॉटेलात करू नये. करामा, बर दुबई, अल नहदा किंवा शारजा यांपैकी जिथे राहण्याचा विचार असेल, तिथेच स्वयंपाकघर असलेला फ्लॅट आठवड्यासाठी घ्यावा आणि पर्यटन बाजूला ठेवून रोजचा संसार चालवून पाहावा. पोळ्या कराव्यात, कपडे वाळत घालावेत, औषधांचे दुकान शोधावे. शारजाचे भाडे कमी असते, पण मेट्रो तिथवर जात नाही. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी सात वाजता कचेरीपर्यंत आणि संध्याकाळी परत असा प्रवास एकदा तरी घड्याळ लावून करावा.

पायी चालण्याची परीक्षा मात्र नेमकी घ्यावी. मेट्रोची स्थानके, त्यांना जोडणारे बरेचसे पूल आणि अनेक बसथांबे वातानुकूलित आहेत; प्रश्न उरतो तो पूल संपल्यापासून आपल्या दारापर्यंतच्या अंतराचा. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची विश्रांती असते, यावरून त्या वेळेचे गांभीर्य कळावे. त्यामुळे हे अंतर सकाळी साडेअकराला आणि पुन्हा संध्याकाळी सहाला, पाण्याची बाटली घेऊन चालावे. नकाशावर आठ मिनिटांचे दिसणारे अंतर आम्हाला दुसऱ्या दिवसापासून टॅक्सीचे वाटू लागले.

घर पाहायला संध्याकाळी पाचच्या सुमारास जावे आणि आधी गार पाण्याचा नळ सोडून हात धरावा. गच्चीवरची टाकी दिवसभर तापल्यामुळे जुन्या इमारतींत तो नळ चटका देतो. तिथले रहिवासी उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्यातले, घरातल्या गारव्यात निवलेले पाणी गार म्हणून वापरतात, आणि ही उलटी तऱ्हा पाहून सासूबाई खळखळून हसल्या होत्या. मग पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावावा. वातानुकूलनाचा खर्च कोणाकडे, हे लेखी विचारावे : जाहिरातीत 'चिलर फ्री' म्हटले असेल तर तो सहसा मालकाकडे असतो, अन्यथा मध्यवर्ती शीतकरण (एकाच यंत्रणेतून सर्व घरांना गारवा) असेल तर त्याचे बिल वीज-पाण्याच्या बिलाहून वेगळे येते आणि त्यातला ठरावीक आकार हिवाळ्यातही चुकत नाही. त्याच इमारतीतल्या भाडेकऱ्याकडे मागच्या ऑगस्टचे बिल मागून पाहावे. मराठी माणूस भेटला तर चहासह दाखवतो. शिवाय १६ एप्रिल २०२४ च्या विक्रमी पावसात तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरले होते का, हेही रखवालदाराला विचारावे.

मुले असतील तर सायंकाळचे वेळापत्रक बदलते. दिवसा घसरगुंडी हात लावू देत नाही. बागेत खरी वर्दळ रात्री आठनंतर दिसते, आणि शाळेची बस सकाळी लवकर येते. ही ओढाताण दोन दिवस करून पाहावी.

रोज रात्री प्रत्येकाने आज आपण किती वेळ उघड्यावर होतो आणि कोणते काम टाळले, एवढेच वहीत लिहावे. आमच्या वहीत चौथ्या दिवसापासून सासूबाईंचा उघड्यावरचा वेळ शून्य होता. जानेवारीत पसंत केलेले मोठे घर आम्ही सोडले आणि स्थानकाच्या पुलाला लागून असलेले, खालीच किराणा दुकान असणारे लहान घर जास्त भाडे देऊन घेतले. सासूबाई ऑक्टोबरअखेर येतात आणि गुढी उभारायला पुण्यात परततात.