कुटुंबाने चालवलेल्या साध्या चिनी उपाहारगृहात जेवायला जाताना

परदेशात स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबाचे छोटे उपाहारगृह ओळखायचे असेल, तर दर्शनी पाटीकडे पाहू नये, आतल्या शेवटच्या टेबलाकडे पाहावे. तिथे बहुधा एखादी आजी घेवड्याच्या शेंगांच्या शिरा काढत बसलेली असते आणि तिच्या शेजारी नातवंड शाळेचा अभ्यास करत असते. ते टेबल रिकामे दिसले, तरी ते घरच्यांचे आहे असे समजून दुसरीकडे बसावे. आत भट्टीपाशी एकदोघे आणि बाहेर गल्ला, फोन व वाढणे एकाच व्यक्तीकडे, अशी कामाची वाटणी असल्यामुळे संध्याकाळी पार्सलच्या फोनची गर्दी सुरू होण्याआधी जाणे त्यांच्या आणि आपल्याही सोयीचे ठरते. त्या वेळी बोलायला फुरसत असते, आणि इथले जेवण चांगले होणे बरेचसे या बोलण्यावरच अवलंबून असते.

छापील मेनू पाहून नाक मुरडण्याआधी त्याचा इतिहास लक्षात घ्यावा. अमेरिकेने 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेश बंद केला, व्यापाऱ्यांना मात्र सवलत ठेवली; 1915 मध्ये तिथल्या एका न्यायालयाने उपाहारगृहाच्या मालकांनाही व्यापारी मानले, तेव्हा अनेकांनी नात्यागोत्यात पैसे जमवून उपाहारगृहे काढली. त्या काळच्या स्थलांतरितांपैकी पुष्कळजण ग्वांगदोंग प्रांतातल्या ताइशान भागातले होते, आणि स्वयंपाक हा त्यातल्या बहुतेकांचा पिढीजात धंदा नव्हता. गिऱ्हाइकाच्या जिभेला रुचेल ते करत गेल्याने चॉप सुईसारखे (मांस आणि भाज्या एकत्र परतून दाट रसात केलेले) पदार्थ रूढ झाले. त्यामुळे 'हे काही अस्सल नाही' असे मालकांना ऐकवणे अशिष्ट तर आहेच, शिवाय अज्ञानाचेही आहे. त्या पदार्थांनी त्यांची घरे उभी केली आहेत.

तरीही छापील मेनूपलीकडे जायचे असेल, तर भिंतीवर चिनी अक्षरांत लिहिलेल्या कागदी पट्ट्या दिसतात का ते पाहावे आणि त्यांवर काय आहे ते विचारावे. 'इथे चांगले काय मिळते?' हा प्रश्न फुकट जातो, कारण त्याचे उत्तर सर्वाधिक खपणारा पदार्थ हेच असते. त्याऐवजी 'आज कोणती पालेभाजी ताजी आली आहे?' आणि 'तुम्ही आज काय जेवणार आहात?' हे दोन प्रश्न विचारावेत. कुटुंब मूळचे कुठले, हेही ओघात कळले तर बरे: ग्वांगदोंगकडची मंडळी वाफवलेली मासळी आणि सूप हातखंडा करतात, सिचुआनची मंडळी मिरची आणि जीभ बधिर करणारी तिरफळाच्या जातीची मिरी वापरतात, तर उत्तरेकडच्यांच्या हातचे डंपलिंग आणि गव्हाचे नूडल्स मागवावेत. बहुधा शाळकरी मूलच दुभाष्याचे काम करते, तेव्हा वाक्ये लहान ठेवावीत.

मागवणे हे माणशी एक ताट अशा हिशेबाने करू नये. जितकी माणसे तितके पदार्थ, एक सूप आणि सगळ्यांना भात, असा साधारण मेळ ठेवून सर्व पदार्थ मधोमध ठेवावेत. पदार्थ निवडताना मांस कोणते यापेक्षा पद्धत कोणती याकडे लक्ष द्यावे: एक वाफवलेला, एक मंद आचेवर शिजवलेला, एक मोठ्या आचेवर परतलेला, फार तर एक तळलेला आणि एक लसणीवर परतलेली पालेभाजी. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही चौघांनी चार तळलेले पदार्थ मागवले, चारही एकाच तांबूस गोड रसात न्हालेले आले, आणि तिसऱ्या घासानंतर कोणता कोणता हे कळेनासे झाले. वाढणाऱ्या बाईंनी मागवतानाच भाजी सुचवली होती. आम्ही ऐकले नाही.

पदार्थ तयार होतील तसे येतात, म्हणून सगळे येईपर्यंत हात आवरून बसू नये. तापलेल्या कढईतून येणाऱ्या धुरकट खमंगपणाला कँटोनीज भाषेत 'वोक हेय' म्हणतात, आणि तो काही मिनिटांतच विरतो.

शाकाहारी व्यक्तीने केवळ 'मांस नको' म्हणून थांबू नये. भाजीवर ऑयस्टर (कालवांचा) सॉस असतो, सूप कोंबडीच्या हाडांचे असते, मापो टोफू या टोफूच्या तिखट पदार्थात खिमा असतो आणि सुकी कोळंबी कुठेही सापडते. या प्रत्येकाचे नाव घेऊन नकार द्यावा, किंवा बौद्ध मठातल्यासारखे जेवण हवे असे सांगावे. ही कल्पना त्यांना चटकन समजते, मात्र त्यात कांदा-लसूणही वगळला जाऊ शकतो. अजिनोमोटोची धास्ती मात्र सोडून द्यावी. ती 1968 मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रातून पसरली, आणि पुढच्या काटेकोर चाचण्यांत तिला भक्कम आधार मिळाला नाही.

चहा आधी इतरांच्या पेल्यात ओतावा, मग आपल्या. किटली रिकामी झाली की झाकण कलते ठेवावे. हाक न मारता ती भरून मिळते. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत, कारण ते मृतांपुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखे दिसते. वाडगा तोंडाशी नेऊन खाणे मात्र रीतीला धरून आहे, आणि काटा-चमचा मागण्यात कमीपणा नाही.

उरलेले अन्न बांधून मागावे आणि बिल गल्ल्यावर जाऊन द्यावे. कार्ड चालते का हे मागवण्याआधीच विचारलेले बरे. निघताना संत्र्याच्या फोडी किंवा लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड गरम सूप पुढे आले, तर 'हे आम्ही मागवले नव्हते' असे म्हणू नये. ते बिलात नसते, आणि ते संपेपर्यंत बसावे.