हवामानाप्रमाणे इंजिन ऑइलचा जाडपणा कसा निवडावा

ऑइलच्या डब्यावरील ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-४०’ या आकड्यांतील ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत अधिक प्रवाही राहते. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे इंजिन पुरते तापल्यावर, ऑइल किती दाट राहील हे सांगतो.

सर्वप्रथम गाडीसोबतची पुस्तिका उघडावी. तिच्यात बाहेरच्या तापमानानुसार एकाहून अधिक ग्रेड, म्हणजे आकड्यांच्या अशा जोड्या, दिलेले असतील, तरच निवडीचा प्रश्न येतो. हिवाळ्यात लेहला, जिथे पारा शून्याखाली बराच उतरतो, तिथे २०डब्ल्यू ऑइल पहाटे काकवीसारखे डिपस्टिकला (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीला) चिकटून राहते आणि इंजिनाच्या वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ लावते. इंजिनाची मोठी झीज नेमकी याच क्षणी होते. तेथे ५डब्ल्यू किंवा ०डब्ल्यू योग्य.

नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात मात्र पहिल्या आकड्याला फारसे महत्त्व उरत नाही. पाण्याने थंड होणाऱ्या कारच्या इंजिनाचे तापमान थर्मोस्टॅट आटोक्यात ठेवतो, त्यामुळे केवळ ऊन वाढले म्हणून जाड ऑइल भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑइल वाहण्याच्या अरुंद मार्गांसाठी घडवलेल्या नव्या इंजिनात ते उलट अडथळाच ठरते. हवेवर थंड होणाऱ्या मोटारसायकलीला उन्हाची झळ अधिक बसते, म्हणून पुस्तिकेत मुभा असल्यास तिथे नंतरचा आकडा ४० किंवा ५० असलेल्या ऑइलचा विचार करावा. कारचे ऑइल मात्र तिच्यात ओतू नये, कारण ऑइलमध्ये बुडालेला क्लच त्याने घसरू शकतो. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (अशा क्लचच्या मोटारसायकलींच्या ऑइलचे जपानी मानक) पाहूनच घ्यावे.