नीळ: पिंपात निळं पाणी दिसलं तर कापड घालू नका

पांढऱ्या कपड्यांना द्यायची वाण्याकडची नीळ इथे कामाची नाही. पुडीत बहुधा अल्ट्रामरीन नावाची निळी पूड असते आणि बाटलीत कृत्रिम रंग. कापड रंगवायला निळीच्या पानांतून काढलेली वडी किंवा पूड हवी.

ही पूड पाण्यात विरघळत नाही, सगळी मेख तिथेच आहे. बिहारमधल्या चंपारणच्या कोठ्यांमध्ये, म्हणजे निळीच्या कारखान्यांत, पानं हौदात भिजवत आणि मग ते पाणी घुसळत; हवा लागली की नीळ गाळ होऊन खाली बसे. (याच पिकासाठी रयतेला दर बिघ्यातल्या २० कठ्ठ्यांपैकी ३ कठ्ठे जमीन अडकवावी लागे. ही तीनकठिया पद्धत १९१७च्या सत्याग्रहानंतर गेली.) हवेने केलेलं हे काम आता साखर आणि चुन्याच्या जोरावर उलटवून नीळ पुन्हा विरघळवायची आहे.

प्रमाण १:२:३. दहा लिटर पाण्याला ५० ग्रॅम नीळ, १०० ग्रॅम विझवलेला कोरडा चुना, १५० ग्रॅम फ्रुक्टोज (फळसाखर). पानाचा चुना ओला असतो, वजनाचा हिशेब चुकतो. पुडा फुटून बरेच दिवस पडलेला चुनाही नको, हवेने तो मरतो. हातमोजे आणि चष्मा हवाच.

नीळ थोड्या कोमट पाण्याबरोबर बरणीत घाला, चार-पाच गोट्या टाका आणि गुठळी मोडेपर्यंत हलवा. पिंपात ५० अंशांचं पाणी, त्यात ही नीळ, मग फ्रुक्टोज, शेवटी चुना थोडा थोडा. हळूच ढवळा, झाकण लावा. तासाभराने पुन्हा ढवळून गाळ बसू द्या. वर तांब्यासारखी चकाकती साय, मधे जांभळट फेस आणि खाली चहासारखं पिवळट-तपकिरी पाणी दिसलं की पिंप तयार. कधी रात्रभरही थांबावं लागतं, घाई करू नका.

सुती कापड आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढा, नाहीतर डाग पडतात. ओलं कापड फेस बाजूला सारून अलगद सोडा. तळाच्या चुन्याला लागू देऊ नका. तीन-चार मिनिटांनी पाण्याच्या पातळीलगतच पिळून बाहेर काढा, कारण ठिबकणारा प्रत्येक थेंब हवा आत नेतो. कापड हिरवट निघतं आणि डोळ्यांदेखत निळं होत जातं. पंधरा मिनिटं वाऱ्यावर ठेवून पुन्हा बुडवा. गडद रंगासाठी असे पाच-सहा हात द्या. एकच लांब बुडी दिली तर रंग वरवर बसतो आणि नंतर अंगाला लागतो.

पाणी निळं दिसतंय? पिंप थंड झालंय किंवा साखर संपलीय. ५० अंशांपर्यंत तापवा, १५ ग्रॅम फ्रुक्टोज घालून तासभर थांबा. तरीही सुधारलं नाही तर पीएच पट्टी लावा. साखरेपासून तयार झालेलं आम्ल चुना खातं. पीएच १०च्या खाली असेल तर १० ग्रॅम चुना द्या. पाणी पिवळं असूनही कापड फिकटच निघत असेल तर नीळच संपत आली आहे, साखर ओतून उपयोग नाही.

रंगवलेलं कापड एक दिवस सुकू द्या. मग लिटरला चमचाभर व्हिनेगर घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा, चुना सुटला की निळा उघडतो. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत.