टॉरेंट अडकलं? सीडर मोजत बसण्याआधी या चुका टाळा

टॉरेंट म्हणजे एकच फाइल अनेकांच्या मशीनवरून तुकड्यातुकड्यांनी उतरवणं. ते रेंगाळलं की ‘सीडरच (पूर्ण फाइल वाटणारे) नाहीत’ म्हणून सगळे मोकळे होतात. बऱ्याचदा सीडर असतात. खोट आपल्याच राउटरमध्ये, अपलोडच्या मर्यादेत, नाहीतर पेनड्राइव्हमध्ये असते. जुळे सोलापुरातल्या एखाद्या घरात 100 एमबीपीएसचं फायबर आहे. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 एमबी (बिटचे बाइट करताना आठाने भागायचं, हे विसरू नका). या वेगाने उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची साधारण 6 जीबीची आयएसओ (इन्स्टॉल करायची एकच मोठी फाइल) आठ-दहा मिनिटांत उतरायला हवी. तिला दोन तास लागत असतील, तर खालच्या गोष्टी तपासा.

कंसातला आकडा खरा धरणं

क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट उतरवणाऱ्या प्रोग्राममध्ये सीड्सच्या रकान्यात ‘3 (41)’ असं काहीतरी दिसतं. 3 म्हणजे आत्ता तुमच्याशी जोडलेले सीडर, 41 हा ट्रॅकरने (फाइल कुणाकुणाकडे आहे याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरने) सांगितलेला आकडा. तो शिळा असू शकतो. त्यातले कितीतरी जण मशीन बंद करून झोपलेले असतात. पीअर्सच्या रकान्यात फाइल अजून अपुरी असलेले लोक मोजलेले असतात आणि तेही तुम्हाला देतातच. परीक्षेच्या आधी पूर्ण नोट्स एकाकडेच असल्या, तर तो प्रत्येकाला वेगवेगळी पानं देतो आणि बाकीची पानं मुलं आपापसांत झेरॉक्स करून घेतात. इथेही तसंच चालतं. ज्या तुकड्याच्या प्रती सगळ्यांत कमी, तो आधी मागायचा, हा प्रोग्रामचा नियम आहे. ‘क्रमाने डाउनलोड करा’ हा पर्याय चालू केलात तर हा नियम मोडतो आणि दुर्मीळ तुकडे मागे राहतात. गरज नसेल तर तो बंदच ठेवा.

पोर्ट बंद असणं

सगळ्यांत जास्त वेळ इथेच वाया जातो. तुमचा पोर्ट (जोडण्या आत येण्याचं क्रमांक असलेलं दार) बाहेरून उघडा नसेल तर तुम्ही इतरांना फोन लावू शकता, पण तुम्हाला कुणी लावू शकत नाही. समोरच्याचाही पोर्ट बंद असला तर बहुतेक वेळा दोघांची गाठ पडतच नाही. यादीत पीअर दिसतात, जोडणी मात्र होत नाही, त्याचं हे नेहमीचं कारण. ओळखायची खूण सोपी आहे. टॉरेंट निवडून खालचा पीअर्सचा टॅब उघडा आणि फ्लॅग्सचा रकाना बघा. तिथलं ‘आय’ हे अक्षर म्हणजे समोरून आलेली जोडणी. भरपूर पीअर असूनही तासाभरात एकदाही ‘आय’ दिसला नाही, तर पोर्ट बंद आहे असं समजा.

दुरुस्ती अशी करा. ऑप्शन्समध्ये कनेक्शनच्या पानावर 49152 ते 65535 मधला एक पोर्ट कायमचा ठरवा. दर वेळी नवा पोर्ट घेण्याचा पर्याय चालू असेल तर बंद करा, नाहीतर राउटरमध्ये केलेली सोय दुसऱ्या दिवशी फुकट जाते. राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आतला आयपी (घरच्या नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करून तो पोर्ट टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी त्या कॉम्प्युटरकडे वळवा. विंडोजच्या फायरवॉलमध्ये प्रोग्रामला परवानगी द्या. नंतर पोर्ट तपासणाऱ्या साइटवर बघा, पण प्रोग्राम चालू ठेवूनच. तो बंद असताना पोर्ट बंदच दिसणार.

एवढं करूनही जमत नसेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) वाचा. तो 192.168 ने सुरू होत असेल तर फायबरवाल्याच्या डब्यामागे तुम्ही आपला दुसरा राउटर लावलाय आणि फॉरवर्डिंग एकाच ठिकाणी झालंय. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर (फक्त नेट पुढे देईल असा) टाका आणि फॉरवर्डिंग पहिल्या डब्यात करा. आयपी 100.64 ते 100.127 मध्ये असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या आयपीमागे बसवलंय. तिथे तुमच्या राउटरमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही. पब्लिक आयपी मागा (बहुधा जादा पैसे पडतात) किंवा आयपीव्ही6 (पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असेल तर ते चालू करा.

अपलोड शून्यावर आणणं, किंवा मोकाट सोडणं

अपलोड दाबलं की डाउनलोड वाढेल, हा समज उलटा आहे. पीअर त्यालाच आधी देतो जो त्याला देतो. बिटटॉरेंटच्या मूळ रचनेत दर 10 सेकंदांनी हा हिशेब नव्याने होतो, आणि दर 30 सेकंदांनी एखाद्या नवख्याला तसंच, काही न घेता, थोडं देऊन बघितलं जातं. तुम्ही काहीच देत नसाल तर पीअर्सकडून मिळणारा वाटा त्या नवख्याच्या संधीपुरता आणि सीडर देतील तेवढा राहतो. फ्लॅग्समध्ये मोठा ‘डी’ म्हणजे तुकडे येत आहेत. छोटा ‘डी’ म्हणजे तुम्ही मागताय, पण समोरच्याने थांबवून ठेवलंय. रकाना छोट्या ‘डी’ने भरला असेल तर आधी तुमच्या अपलोडकडे बघा.

मर्यादाच नसली तरी घात होतो. अपलोडची लाइन तुंबली की ‘तुकडा मिळाला’ ही पोचपावतीही वेळेवर जात नाही, डाउनलोड बसतं आणि घरातला व्हिडिओ कॉलही अडखळतो. मोजलेल्या अपलोडच्या चार-पंचमांश मर्यादा ठेवा. 20 एमबीपीएस अपलोड असेल तर सेकंदाला 2.5 एमबी होतात. मर्यादेच्या चौकटीत 2000 केआयबी (साधारण 2 एमबी) लिहा.

99 टक्क्यांवर तासन् तास वाट बघणं

‘अव्हेलेबिलिटी’चा आकडा बघा. तो 0.997 असेल तर जोडलेल्या सगळ्यांकडचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पूर्ण होत नाही. सीडर परत येईपर्यंत थांबा किंवा दुसरं टॉरेंट शोधा. आकडा 1 च्या वर असूनही काटा हलत नसेल तर एखादा तुकडा तपासणीत पुन्हा पुन्हा नापास होत असावा. प्रत्येक तुकड्याचा हॅश (त्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) आधीच ठरलेला असतो. जुळला नाही तर तुकडा फेकून परत मागवला जातो. असं वारंवार होत असेल तर हार्डडिस्क आणि रॅम तपासून घ्या.

6 जीबीची फाइल पेनड्राइव्हवर थेट उतरवणं

पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर मावतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, नाहीतर आधी कॉम्प्युटरवर उतरवा.

लाइट गेल्यावर सगळं पुसून पुन्हा सुरू करणं

उन्हाळ्यात लाइट जाते, राउटर इन्व्हर्टरवर असतो आणि कॉम्प्युटर नसतो. परत आल्यावर टक्केवारी मागे गेलेली दिसते किंवा फाइल चुकीची असल्याची तक्रार येते. काहीही डिलीट करू नका. टॉरेंटवर राइट क्लिक करून ‘फोर्स रीचेक’ द्या. साध्या हार्डडिस्कवर 6 जीबी तपासायला मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि चांगले तुकडे जपले जातात. फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवायची असेल तर तीही प्रोग्राममधूनच, ‘सेट लोकेशन’ने हलवा. एक्सप्लोररमधून ओढलीत तर प्रोग्रामला ती सापडत नाही आणि तुमचं सीडिंग तिथेच थांबतं.

टॉरेंट खरं आहे असं गृहीत धरणं

हॅश जुळला म्हणजे टॉरेंट बनवणाऱ्याने जे ठेवलं ते तसंच आलं, एवढंच. त्यानेच व्हायरस ठेवला असेल तर तोही अचूक येतो. डेबियन, उबुंटू, लिब्रेऑफिस यांची टॉरेंट त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि तिथे दिलेला एसएचए256 हॅश (पूर्ण फाइलचा ओळख-आकडा) विंडोजच्या सर्टयूटिल या कमांडने जुळवून बघा. सिनेमे आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअरं यांत आणखी एक गोष्ट लपलेली असते: डाउनलोड करतानाच तुम्ही त्यांचं वाटपही करत असता, आणि कॉपीराइटची जबाबदारी वाटणाऱ्यावर येते.

पहिल्या सीडरने घाई करणं

स्वतःचं साहित्य वाटणाऱ्यांकडून ही चूक फार होते. समजा, लग्नाचं 40 जीबीचं फुटेज फोटोग्राफरला पुण्याच्या एडिटरकडे आणि मुंबईच्या घरच्यांकडे पाठवायचंय. टॉरेंट बनवलं, एडिटरचे 97 टक्के झाले आणि लॅपटॉपचं झाकण लागलं. आता उरलेले 3 टक्के कुणाकडेच नाहीत आणि दोघेही अडकले. समोर किमान एक सीडर पूर्ण झालेला दिसेपर्यंत चालू ठेवा, आणि झाकण लावल्यावर मशीन झोपणार नाही अशी पॉवर सेटिंग आधीच करा. सोलापूरच्या मे महिन्यात ते रात्रभर गादीवर ठेवू नका. खालून हवा खेळेल असं टेबलावर ठेवा.

लॅबमधल्या तीस मशीनवर तीसदा बाहेरून उतरवणं

कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्यांना एकच आयएसओ हवी असते. ‘लोकल पीअर डिस्कव्हरी’ चालू ठेवा. एकाच नेटवर्कवरची मशीन एकमेकांना ओळखतात आणि तुकडे आतल्या आत फिरतात. तरी ओळखत नसतील तर दोन गोष्टी बघा. एक, सगळी मशीन गेस्ट वाय-फायवर आहेत का? तिथे एका मशीनला दुसरं दिसू नये अशीच सोय असते. दुसरं, टॉरेंट ‘प्रायव्हेट’ म्हणून बनवलंय का? त्यात ही ओळख आणि डीएचटी (ट्रॅकरशिवाय पीअर शोधण्याची सोय) दोन्ही बंद असतात, ट्रॅकर सांगेल तेवढेच पीअर मिळतात.