फेअरबँक्सच्या हिवाळ्यात शेगडीचा धूर कमी करायचा, तर सुरुवात मे महिन्यात

अलास्कातलं फेअरबँक्स टानाना नदीच्या खोऱ्यात आहे आणि त्याच्या तीन बाजूंना टेकड्या आहेत. डिसेंबरच्या अखेरीस दिवस चार तासांहून लहान होतो, भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर येतो. जमीन तापतच नाही. बर्फालगतची हवा गारठून खाली बसते आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण पडतं. वारा पडलेला असला की टेकडीवर खोऱ्यापेक्षा १०-१५ अंशांनी जास्त तापमान असू शकतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे शेकोटीचा धूर जमिनीलगत रेंगाळतो तो याच कारणानं. पण तिथे ऊन चढलं की झाकण उघडतं, इथे ते कित्येक दिवस तसंच राहतं.

वीजकेंद्रांच्या उंच धुराड्यांतला धूर बरेचदा या झाकणाच्या वर निघून जातो. घरांच्या छपरांवरचा मात्र आपल्या नाकाच्या उंचीवर साचतो. हिवाळ्यातल्या पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कणांमध्ये लाकडाच्या धुराचा वाटा फार मोठा आहे. घर तापवण्याच्या तेलातल्या गंधकापासून सल्फेटचे कण होतात, म्हणून १ सप्टेंबर २०२२ पासून फेअरबँक्समध्ये त्यासाठी कमी गंधकाचं नंबर १ तेलच विकता येतं. शेगडी पेटवणाऱ्याच्या हातात असतं ते सरपण, आणि खरा फरक तिथेच पडतो.

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात ४० टक्के पाणी धरलं, तर १० किलो सरपणात ४ लिटर पाणी शेगडीत जातं. आधी ते उकळतं, त्यात उष्णता खर्च होते, आग थंड राहते आणि लाकडातून निघालेला वायू न जळताच धूर होऊन बाहेर पडतो. म्हणून बर्च किंवा स्प्रूस या झाडांचं लाकूड मेच्या सुरुवातीपर्यंत तोडून, फोडून रचून ठेवा. बर्चची साल पाणी बाहेर सोडत नाही. न फोडलेला ओंडका अख्खा उन्हाळा उन्हात ठेवला तरी आतून ओलाच राहतो. १०-१५ सेंटिमीटर जाडीचे तुकडे करा, जमिनीपासून वर, एकेरी रांगेत रचा आणि फक्त माथा झाका. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढली की आतली ओल आतच कोंडते. शरद ऋतूत तोडलेलं लाकूड त्या हिवाळ्यात वापरू नका. थंडीत ते जवळजवळ वाळतच नाही.

ओलावा मोजताना बहुतेकांची चूक होते ती इथे. गोठलेल्या लाकडावर ओलावा मोजणारा सुयांचा मीटर खोटा आकडा दाखवतो. तुकडा आधी घरात आणून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग मधोमध फोडा आणि ताज्या पृष्ठभागावर, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं, सुया टोचा. वाचन २० टक्क्यांच्या आत हवं. बाहेरच्या बाजूचं वाचन बहुतेक वेळा कमी येतं, त्यावर विसंबू नका.

पेटवताना मोठे तुकडे खाली, मधले त्यावर, ढलप्या सगळ्यात वर ठेवा आणि आग वरून लावा. खालून निघणारा वायू ज्वाळेतून जाताना जळून जातो. हवेची झडप पहिली १५-२० मिनिटं पूर्ण उघडी असू द्या. एकेरी पत्र्याच्या नळीवर चुंबकी थर्मामीटर लावला असेल तर साधारण १२० ते २४० अंश सेल्सिअस ही चांगली मर्यादा. त्याखाली नळीत डांबरासारखं क्रिओसोट साचतं, आणि पुढे तेच धुराड्यात पेट घेतं. कॅटॅलिस्टची (धूर जाळून टाकणारा जाळीदार भाग असलेली) शेगडी असेल तर तो सुमारे २६० अंशांना पोचल्याशिवाय बायपास, म्हणजे धूर त्याला वळसा घालून नेणारी झडप, बंद करू नका. रंगवलेलं लाकूड आणि प्लास्टिक कधीच टाकू नका, कॅटॅलिस्ट कायमचा बाद होतो.

सगळ्यात घातक सवय म्हणजे रात्रभर पुरावी म्हणून शेगडी ठासून भरायची आणि झडप आवळायची. त्या धुमसण्यातूनच सगळ्यात जास्त धूर निघतो. थोडं भरा, जोरात जाळा.

बाहेर जाऊन धुराडं बघा. उणे ३० अंशांत चांगली जळणारी शेगडीही पांढरी वाफ सोडते, त्यामुळे नुसत्या पांढऱ्या रंगावरून घाबरू नका. निळसर किंवा तपकिरी छटा आणि डोळ्यांना चुरचुर असेल तर तो धूर. हवेच्या इशाऱ्याच्या दिवशी सूट मिळालेली नसेल तर लाकूड पेटवायचंच नाही. तेलाचा हीटर त्यासाठी चालू स्थितीत ठेवलेला असावा.

घरात झोपायच्या खोलीपुरता तरी एअर प्युरिफायर ठेवा. १५० चौरस फुटांच्या खोलीला किमान १०० सीएडीआर (प्युरिफायर दर मिनिटाला किती घनफूट स्वच्छ हवा देतो तो आकडा) लागतो, धूर दाट असेल तर १५० धरा. हवेतले कण मोजणारे स्वस्त लेझर सेन्सर लाकडाच्या धुरात खऱ्यापेक्षा बराच जास्त आकडा दाखवतात, म्हणून त्यांच्या ऑनलाइन नकाशावर दुरुस्त केलेलं वाचन निवडा. फिल्टरचा एक जादा संच आत्ताच आणून ठेवा. जून-जुलैत वणव्यांचा धूर आला की तोच लागतो, आणि त्या आठवड्यात दुकानात मिळत नाही.